टर्बोचा अर्धा आटा

बायकोला आणायला जायचं ते आपल्याच गाडीतून, बसच्या रांगेत उभं राहून नाही, एवढंच म्हाताऱ्याने ठरवलं. ठरवायला काय लागतं? तोंड वाकडं करायचं आणि ठरवायचं.

बायको लेकीकडे निघून गेली होती. भांडून नाही. भांडून गेली असती तर परवडलं असतं, भांडण मिटवता तरी येतं. कारण वेगळंच होतं. बाप आणि मुलगा एका घरात राहून एकमेकांशी बोलत नव्हते. का, ते आता दोघांनाही आठवत नसावं. सगळा कारभार तिच्यामार्फत चालायचा.

"त्याला म्हणावं, बाथरूमचा दिवा बंद कर."

"आई, त्यांना सांग, दिवा त्यांनीच लावलाय."

दोघे टेबलाच्या दोन टोकांना आणि मध्ये ही. एक दिवस तिने दोघांना वाढलं, कपडे पिशवीत कोंबले आणि म्हणाली, "तुमचे निरोप पोचवून माझी जीभ झिजली. एकमेकांशी बोलायला लागलात की कळवा." आणि गेली. (कळवायचं कुणी, हा प्रश्न दोघांनाही पडला. पण एकमेकांना विचारणार कसा?)

तेव्हापासून घर म्हणजे प्रेत उचलून नेल्यानंतरची खोली. दोरीवरचे कपडे वाळून कडक व्हायचे, तरी कुणी काढायचं नाही. आपले काढले तर त्याचेही काढावे लागतील, म्हणून म्हातारा काढत नसे. मुलगाही बापाचाच, तोही काढत नसे.

लेकीचं घर टेकडीवर. रस्ता असा उभा, की पायी चढणारा मध्येच बसून आयुष्याचा हिशेब करतो. म्हाताऱ्याची गाडी जुनी. त्या चढावर ती अर्ध्यात धापा टाकायची आणि मागच्या गाड्या हॉर्न मारून त्याचा उद्धार करायच्या. म्हाताऱ्याने जन्मभर ट्रकच्या कारखान्यात फिटर म्हणून काम केलेलं. शाळा चौथीत सुटली, पण पाना हातात आला की तो कुणाला मोजत नसे. मुलगा शिकलेला. गाड्यांच्या इंजिनांना जो कॉम्प्युटर असतो, त्याला लॅपटॉप जोडून नीट चालवायला लावणं, हा त्याचा धंदा. म्हातारा त्याला 'इंजिनिअर' म्हणायचा. शिवी देतात त्या आवाजात.

एका सकाळी म्हातारा फ्रिजकडे तोंड करून म्हणाला, "गाडी चढावर दम टाकते. टर्बो मेलाय की काय, देव जाणे."

मुलाने चहाचा घोट घेतला आणि तोही फ्रिजलाच म्हणाला, "टर्बो चांगला आहे. प्रेशर कमी देतोय. कॉम्प्युटरमधून वाढवता येईल."

फ्रिज घरघरला. दोघांनी ती संमती धरली.

टर्बो म्हणजे काय, ते सांगून टाकतो, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. इंजिनातून जो धूर बाहेर पडतो, त्याच्या जोरावर एक पंखा फिरतो आणि तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. हवा जास्त, ताकद जास्त. पण फार कोंबली तर काहीतरी फाटतं. म्हणून एक झडप असते. हवेचं प्रेशर वाढलं की ती उघडते आणि धूर बाजूने निघून जातो. ही झडप केव्हा उघडायची, ते कॉम्प्युटर सांगतो. पण झडपेला एक दांडी असते आणि दांडीवर नट. तो पिळला की झडप जास्त घट्ट बसते. कॉम्प्युटरला त्याचा पत्ताही लागत नाही.

मुलाने रीतसर काम केलं. थोडं प्रेशर वाढवलं, गाडी फिरवून आणली, लॅपटॉपवर आकडे बघितले, पुन्हा थोडं वाढवलं. वर एक मर्यादाही घातली. प्रेशर त्यापुढे गेलं की कॉम्प्युटरने पेट्रोल तोडायचं. हे सगळं त्याने फ्रिजला समजावून सांगितलं.

म्हाताऱ्याला पटलं नाही. पडद्यावर बोट फिरवून गाडी चढते होय? मुलगा आंघोळीला गेला तसा त्याने बॉनेट उघडलं आणि नट अर्धा आटा पिळला. फक्त अर्धा.

दुपारी मुलाने गाडी फिरवली आणि बुचकळ्यात पडला. मागितलं त्यापेक्षा प्रेशर जास्त! आपलाच आकडा चुकला, असं समजून त्याने तो खाली आणला. बापाला विचारावं, हे त्याच्या मनात आलं नाही. आलं असतं तरी विचारलं नसतं.

संध्याकाळी म्हाताऱ्याने गाडी काढली. "मेली पुन्हा थंड पडली," तो पुटपुटला आणि आणखी अर्धा आटा.

असं चाललं. बाप पिळतोय, मुलगा उतरवतोय. दोघेही एकमेकांच्या पाठीमागे आणि दोघेही मनोमन खूश, की आपण आहोत म्हणून गाडी आहे. शेवटी मुलाचे आकडे शून्यावर आले. तरी प्रेशर वरच. गाडी जोरात दाबली की मर्यादेला धडकून उचकी दिल्यासारखी झटके द्यायची. मुलगा भडकला आणि त्याने शहाण्या माणसाने करू नये ते केलं. मर्यादाच वर सरकवून ठेवली.

रविवारी दोघे निघाले. म्हाताऱ्याने दाढी केली होती, कानाजवळ कापून घेतलं होतं. वाटेत कुणी बोललं नाही. बोलायचं होतं दोघांना, पण गाडीत फ्रिज नव्हता.

चढ लागला. म्हाताऱ्याने पाय दाबला आणि गाडी अशी सुटली, की त्याने स्टिअरिंग दोन्ही हातांनी आवळून धरलं. एक वळण, दुसरं वळण, लेकीच्या घराचं फाटक दिसायला लागलं, आणि धाडकन आवाज झाला. हवेचा मोठा रबरी पाइप फाटला होता. इंजिन खोकलं आणि गप्प झालं. बरोबर फाटकासमोर.

बॉनेट उघडलं. मुलाची नजर दांडीवर गेली. नटाच्या पाठीमागे चकचकीत नवे आटे दिसत होते.

"बाबा! हा नट कुणी पिळला?"

"मी पिळला! तुझ्या डबड्याने काय होतंय?"

"तुम्ही पिळला? आणि मी इकडे वेड्यासारखा आकडे उतरवतोय!"

"उतरवतोस? माझ्या गाडीचा दम तू काढलास होय रे?"

"दम? मर्यादा वर नेली मी तुमच्यापायी! इंजिन फुटलं असतं!"

"मग मला सांगायला तोंड शिवलं होतं?"

"तुमचं उघडं होतं का?"

वर गॅलरीत बायको उभी होती. ती किती वेळ ऐकत होती, कोण जाणे. ती खाली आली तेव्हा पिशवी तिच्या हातात होती.

"भांडा, भांडा," ती म्हणाली. "तोंड तर उघडलंत. चला घरी."

म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. (धुराने, असं तो म्हणाला.)

क्रेन आली. पुढे ड्रायव्हरशेजारी दोघांपुरतीच जागा. "आजोबा, तुम्ही गाडीत बसा. तसं बसवायचं नसतं, तेव्हा मुंडी खाली घाला," क्रेनवाला म्हणाला. माय-लेक पुढे बसले. पुढची चाकं उचलून गाडी निघाली आणि म्हातारा सीटवर अंग चोरून पडला. तरी आनंदात होता. बायको घरी चालली होती.

घराशी क्रेन थांबली. माय-लेक बोलत बोलत उतरले आणि बोलत बोलतच आत गेले. म्हाताऱ्याने डोकं वर काढलं तोवर क्रेन गॅरेजकडे निघालेली. त्याने जिवाच्या आकांताने हॉर्न दाबला. मागच्याला घाई दिसते, असं समजून क्रेनवाल्याने वेग वाढवला.

गॅरेजच्या दारात गाडी उतरली. क्रेनवाला दचकला. "आजोबा! तुम्ही अजून आतच?"

म्हाताऱ्याचा मोबाइल घरी. (हरवू नये म्हणून तो घरीच ठेवतो.) क्रेनवाल्याच्या फोनवरून त्याने घरी लावला.

"अगं, मी गॅरेजात आहे. इकडे—"

"मला नका सांगू," बायको म्हणाली. "आता त्याच्याशीच बोला." आणि फोन मुलाच्या हातात गेला.

मग मुलगा खाकरला. "बाबा, आई विचारतेय, तुम्ही जेवायला येताय का?"

"तिला म्हणावं, येतोय. थांब जरा."

पलीकडे काहीतरी कुजबुज झाली.

"आई म्हणते, आमचं जेवून झालं. येताना दूध आणा."