मंगळवारात घुसलेला सार्जंट

कँटीनच्या दारावर लाइल प्रुइटचा हसरा फोटो लागला आणि सार्जंट वेंडेल स्टोडार्डची भूक मेली. नेवाडाच्या वाळवंटातली ही फौज सरकारची नव्हे, एका कंपनीची होती. गिऱ्हाईक सांगेल त्या काळात काळयंत्रातून जवान पाठवायचे आणि लढाई जिंकून द्यायची, हा तिचा धंदा. मंगळवारी मालकीण हॉलोवेबाई तळ पाहायला आल्या असताना त्यांची गाडी पेटली आणि वेंडेलच्याच तुकडीतल्या लाइलने त्यांना बाहेर ओढलं. वेंडेल तेव्हा कँटीनमध्ये दुसऱ्यांदा खिमा-राजम्याची चिली वाढून घेत होता.

घरी बायकोचं, डार्लीनचंही तेच. "लाइल बघ, कॅप्टन झाला! तू नुसता जाड झालास."

"बाईला ओढायला काय लागतं? मीही ओढलं असतं!" वेंडेल धुमसला.

शुक्रवारी काळयंत्रावर त्याचाच पहारा होता. त्याने काटा मंगळवारावर आणला आणि आत शिरला.

लाइलच्या आधी पोचायचं म्हणून तो जरा जास्तच आधी पोचला. गाडी अजून पेटलीच नव्हती. पण थांबावं तर लाइल टपकणार! त्याने दार उघडून बाईंचा दंड धरला.

"बाई, उतरा! गाडी पेटलीय!"

"कुठे पेटलीय? सोड मला, मूर्खा!"

"पेटेल हो! जरा धीर धरा!"

तो बाईंना फरफटत नेऊ लागला. "अरे, बाईंना पळवतोय!" असं ओरडत लाइल धावत आला, त्याने वेंडेलला आडवा केला आणि त्याच्या छातीवर बसला. तेवढ्यात मागे गाडी भडकली.

बाई क्षणभर ज्वाळांकडे बघत राहिल्या. मग लाइलवर कडाडल्या, "ज्याने मला वाचवलं त्याच्याच छातीवर बसलायस? ऊठ, गाढवा!"

वेंडेलला आभाळ ठेंगणं झालं. पण मग कंपनीची वकीलबाई आली.

"चोरून यंत्रात शिरलात हे बाहेर कळलं तर गिऱ्हाइकं पळतील. आमच्याकडे वेंडेल स्टोडार्ड एकच, आणि तो कँटीनमध्ये आहे. बाईंना त्यानेच वाचवलं."

"अहो, तो तर खात होता!"

"मग खाऊन झाल्यावर वाचवलं."

"आणि मी?"

"तुम्ही जादा आहात."

कँटीनमधल्या वेंडेलने तोंड पुसलं आणि एका शब्दाने नको न म्हणता पदक लावून घेतलं. जादा वेंडेलला खोटी मिशी आणि नवं नाव देऊन मागच्या फाटकावर उभं केलं. रोज संध्याकाळी कॅप्टन स्टोडार्डची गाडी तिथून जाई. शेजारी डार्लीन, नवऱ्याच्या खांद्यावर डोकं टेकून. जादा वेंडेल सलाम ठोके आणि आतल्या आत जळून कोळसा होई.

फाटकावर त्याच्या जोडीला लाइल होता, शिक्षा म्हणून.

"मिशी काढ रे, ओळखलंय मी तुला," एकदा गाडी गेल्यावर लाइल म्हणाला. "पण मला सांग, त्या कॅप्टनने केलं काय? नुसता गिळत बसला होता!"

"एक नंबरचा आयतोबा," वेंडेल दातओठ खात म्हणाला. "लहानपणापासून ओळखतो मी त्याला."