वाळूच्या पिशवीतले कलदार

संजीवची बायको रोशनी हिला पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबतीला, जुळं झालं, त्याच सालच्या पितृपक्षातली ही गोष्ट. रोशनी बाळंतपणासाठी उमरेडला माहेरी होती. संजीवही सुट्टी काढून तिकडंच गेला होता. नागपूरच्या तांडापेठेतल्या घरात उरली तीन म्हातारी माणसं : संजीवचा बाप जागेश्वर, आई पुष्पलता आणि जागेश्वरची थोरली बहीण भागीरथाबाई. ही भागीरथाबाई दवाखान्यासाठी म्हणून कुहीहून आली, ती परत गेलीच नाही. आधी तिनं खाटेवरून उठणं सोडलं, आणि आता जेवण सोडलं होतं.

डॉक्टर म्हणाले, पोटात काहीतरी गेलंच पाहिजे. पुष्पलतेनं खिचडी केली, पेज केली, शेवया केल्या. भागीरथाबाई भिंतीकडे तोंड करून पडलेली. जणू भिंतच तिची सख्खी आणि बाकी सगळे पाहुणे!

शेवटी जागेश्वर खाटेपाशी बसला आणि छाती ठोकून म्हणाला, "बाई, तुले काय पायजे थे सांग वं. वाघिणीचं दूध मागशील तं महाराजबागेच्या पिंजऱ्यात जाऊन दोहून आणतो!"

भागीरथाबाईनं मान वळवली. "आईचे कलदार आण."

"कोणते कलदार?"

"चांदीचे. राजाच्या छापाचे. आपल्या मागाले वाळूची पिशवी लटकत होती ना, वजनाची? आईनं त्यात शिवून ठेवले होते. चोर घरात आला तरी वाळू नेते का गा?"

जागेश्वरनं आ वासला, तो मिटायलाच विसरला. अर्धा जन्म तो त्या मागावर, खाली खड्ड्यात पाय सोडून, लुगडी विणत होता. सुताला ताण राहावा म्हणून लटकवलेली ती पिशवी हजार वेळा त्याच्या गुडघ्याला लागली होती. प्रत्येक वेळी त्यानं तिला शिवी दिली होती!

"मले काहून नाही सांगतलं?"

"आई म्हणे, जाग्याले सांगशील तं तो सगळ्याचे सिनेमे पाहून येईन."

हे खरं असल्यामुळे जागेश्वरला भांडता येईना.

"जुळं घरी आलं का दोघांच्या मुठीत पणजीचा एकेक रुपया ठेवीन," भागीरथाबाई म्हणाली. "पिशवी माह्या हातात दे. आईचा टाका मीच उसवीन. तोवर अन्न नाही. अन् कोणाले सांगू नको. चांदीचा भाव आयकला ना?"

"दुपारच्या जेवणाले पिशवी तुह्या हातात!" जागेश्वर म्हणाला आणि टोपी घालून उठला.

पिशवीचा पत्ता पुष्पलतेला ठाऊक होता. माग मोडला तेव्हा तिनं ती गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या प्रमोदिनीबाईंना दिली होती. प्रमोदिनीबाईंचा गुडघा दुखायचा आणि पायाला वजन बांधून पाय उचलायचा व्यायाम त्यांना सांगितला होता. जागेश्वर तिथं गेला, तर त्या आणि त्यांचे यजमान मुकुंदराव चहा पीत बसलेले.

"वहिनी, तुमच्या पायाले बांधली होती थे पिशवी पायजे."

"अहो, गुडघाच नवीन बसवला. आता कसली पिशवी!"

"फेकली का?" जागेश्वरचा आवाज इतका चिरकला, की मुकुंदरावांनी बशी खाली ठेवली.

"फेकली नाही हो. आमच्या उन्मेषनं नेली सीताबर्डीला. त्याच्या स्टुडिओत दिव्याचे स्टँड पडतात, त्यांना बांधायला. पण जागेश्वरराव, वाळूची पिशवीच हवी असेल तर मी नवी शिवून देते की!"

"नवी नाही पायजे. तीच पायजे."

"तीच का?"

चांदीचं तर सांगायचं नव्हतं. "बहिणीच्या जिवासाठी," एवढंच तो बोलला आणि सटकला. त्याच्या पाठीमागं प्रमोदिनीबाई हळूच यजमानांना म्हणाल्या, "भागीरथाबाईंचं काही खरं दिसत नाही." हे वाक्य लक्षात ठेवण्यासारखं होतं, पण जागेश्वर तोवर बसमध्ये चढला होता.

आभाळ सकाळपासून राखेसारखं होतं. पडत नव्हतं, उघडत नव्हतं, आणि उकाडा असा, की माणूस बसमध्येच शिजून निघावा. सीताबर्डीत उन्मेषचा स्टुडिओ तिसऱ्या मजल्यावर. जागेश्वर वर पोहोचला तेव्हा त्याच्या तोंडून शब्द फुटेना. उन्मेषनं पाणी दिलं.

"ती पिशवी? काका, ती एका नवरीच्या शालूवर फुटली! शालूभर वाळू! मी तिला टाका घातला आणि देऊन टाकली लकडगंजला. भैयाजी डेकोरेटर आहेत ना, त्यांना मांडवाच्या खांबांसाठी अशा खूप लागतात."

"खूप म्हणजे?"

"म्हणजे… बघा आता तुम्ही."

जिना उतरताना पुष्पलतेचा फोन आला. "कुठी आहा तुमी? बाई पाणी बी नाही घेऊन राहिल्या."

"येऊनच राहिलो," जागेश्वर म्हणाला आणि उलट्या दिशेच्या ऑटोत बसला.

लकडगंजात भैयाजींचं टिनाचं गोदाम. गणपतीचे मांडव उतरले होते, देवीचे लागायचे होते, म्हणून सगळा माल घरी आलेला. वाळूच्या पिशव्यांचा ढीग थेट टिनाला टेकलेला. पोळ्याची मिरवणूक करून दमलेल्या बैलांसारख्या त्या एकमेकींवर माना टाकून पडल्या होत्या. सगळ्या मातकट, सगळ्या सारख्या! जागेश्वरनं बाह्या सरसावल्या. सकाळपासून त्याच्या पोटात अन्न नव्हतं.

त्यानं एक पिशवी उचलली, कानाशी धरून हलवली. वाळू. दुसरी उचलली. वाळू. तिसरीची शिवण सुटली आणि वाळू टोपीतून मानेत, मानेतून सदऱ्यात गेली. हळूहळू कंबर भरून आली, बोटांची सालं निघाली, आणि ढीग काही कमी दिसेना. एकदा तो मटकन खाली बसला. घरी जावं, बाईच्या पाया पडावं, म्हणावं नाही मिळाले. पण मग ती भिंतीकडे तोंड करील. ते तोंड पुन्हा फिरवायला त्याच्याजवळ दुसरं काही नव्हतं. तो उठला आणि पुढली पिशवी कानाला लावली.

"ओ काका!" दारातून भैयाजी ओरडला. पोट पुढं, मोबाईल कानाला. "पिशव्यांसंगं फोनवर बोलून राहिले का? वाळू पायजे असंन तं सांगा ना, ट्रॅक्टर पाठवतो!"

"एक पिशवी हुडकून राहिलो गा, भाऊ. सीताबर्डीहून आलेली."

"काहून? काय आहे तिच्यात?"

जागेश्वर घुटमळला. चांदी म्हटलं की हा माणूस सगळ्या पिशव्या आजच फाडील. "तिच्यात… माह्या आईचं हाय."

"आईचं? आई कुठं असते?"

"गेली ना गा. लई वर्षं झाली. तिचं जे मागं राहिलं होतं, थे हाय तिच्यात."

हे सांगताना डोळ्यांत वाळू गेलेली, म्हणून ते घळाघळा वाहत होते. भैयाजीनं मोबाईल खाली घेतला. मग चपला काढल्या. मग दोन्ही हात जोडले.

"अरे बाप रे! अस्थी!"

जागेश्वरनं 'नाही' म्हणायला तोंड उघडलं, चांदीचा भाव आठवला आणि ते मिटलं.

"साखरपुड्याच्या मांडवाले लटकवली असंन मी! बारशाले लटकवली असंन! अन् वरून आता पितृपक्ष चालू!" भैयाजी कपाळ बडवत होता. "तरीच म्हणतो, या वर्षी चार मांडव उडाले कसे! ए, या रे सगळे! चपला काढा! काकांची आई शोधा!"

गोदामातली सगळी माणसं अनवाणी ढिगाला भिडली. प्रत्येक पिशवी दोन्ही हातांनी, तान्ह्या पोरासारखी उचलून जागेश्वरपुढं आणू लागली. त्याची पिशवी लुगड्याच्या तुकड्याची होती, म्हणून तो काठ पाहून मान हलवी. आणि शेवटी अगदी तळातून ती आली! मळलेली, उन्मेषच्या वेड्यावाकड्या टाक्याची, पण काठ लाल-काळा. त्याच्या स्वतःच्या मागावरच्या लुगड्याचा काठ! त्यानं हलवली. आत चक्क खण् असं वाजलं!

"सापडली!" जागेश्वर ओरडला.

"माय सापडली!" सगळे ओरडले.

तो पिशवी काखेत मारून निघणार, तर भैयाजीनं त्याचा हात धरला. "अशी नेता का? माझ्या हातून पाप झालं, मले जरा फेडू द्या." पांढरी चादर आली. मांडवातून उरलेले झेंडूचे हार आले. टेम्पोत पाट मांडला, पाटावर पिशवी, पुढं उदबत्ती. जागेश्वरला शेजारी बसवलं आणि ड्रायव्हरला बजावलं, "हॉर्न मारायचा नाही! हळू चालव!"

टेम्पो इतका हळू चालला, की सायकलवाले पुढं जाऊन टोप्या काढत होते.

दिवेलागणीला तो तांडापेठेत शिरला. गल्लीच्या तोंडाशी प्रमोदिनीबाई उभ्या. पांढरी चादर, हार, उदबत्ती, आणि बाजूला मान खाली घातलेला, वाळूनं माखलेला जागेश्वर! त्यांनी 'भागीरथाबाई गेल्या हो!' असा हंबरडा फोडला. मुकुंदरावांनी तिथूनच संजीवला फोन लावला. दारं उघडली, बायका तुळशीची पानं घेऊन धावल्या, कोणी तर तिरडीच्या बांबूची चौकशीही केली.

घरात पुष्पलतेनं गलका ऐकला. नणंद तर तिच्या डोळ्यांपुढं जिवंत होती. मग हारांचा टेम्पो दाराशी कोणासाठी? नवरा सकाळपासून उपाशी हिंडतोय! ती पळी हातात तशीच घेऊन रडत बाहेर आली. आणि जागेश्वर टेम्पोतून उतरला.

"रडतेस काहून वं?"

तिनं पळीचे दोन फटके दिले, तेव्हा गल्लीला कळलं, की हाही जिवंत आहे.

आतून बारीक आवाज आला, "पुष्पे, कोण मेलं वं?"

"कोणी नाही मेलं, बाई! पिशवी आली!" जागेश्वर आत धावला आणि त्यानं हार काढून पिशवी तिच्या हातात दिली. दारात तुळशीवाल्या बायका दाटल्या. आता गुपित कसलं राहणार!

भागीरथाबाईनं शिवणीवरून बोट फिरवलं. एकदा, दोनदा. मग भावाकडे पाहिलं.

"जाग्या, हिले आईचा टाका नाही. ही डावी हाय."

"डावी?"

"मागाले पिशव्या किती असतात गा?"

जागेश्वर खालीच बसला. दोन! एक डाव्या अंगाला, एक उजव्या. अर्धा जन्म दोघींच्या मधे बसून विणलं, आणि आज सगळ्या नागपुरात तो एकच हुडकत फिरला! तरी तिनं पिशवी उसवली. वाळू निघाली, आणि मांडवाचे दोन गंजके नट.

"मंग उजवी कुठी हाय?" भागीरथाबाईनं विचारलं.

"उजवी?" पुष्पलता दारातून म्हणाली. "उजवी तं यायनंच मागाच्या खड्ड्यात टाकली. खड्डा बुजवाले मुरूम कमी पडला होता ना. वरून फरशी बसवली."

"खड्डा होता कुठी?" भागीरथाबाईनं पुन्हा विचारलं.

जागेश्वर खाटेच्या खाली पाहू लागला. मग पुष्पलता पाहू लागली. मग दारातल्या सगळ्या बायका वाकून खाटेच्या खाली पाहू लागल्या.

"आताच सब्बल आणतो, फरशी उखडतो!" जागेश्वर उठला.

"राहू दे. मले आता उठवू नको. जुळं येऊ दे, मंग काढा." भागीरथाबाईच्या पोटातून काहीतरी हलत वर आलं. खोकला वाटला, पण ते हसू होतं. "मी रुपयावरच निजून राहिली, अन् हा लकडगंज उपसून आला! पुष्पे, खिचडी आण."

तिनं वाटीभर खिचडी खाल्ली आणि मीठ कमी आहे म्हणून पुष्पलतेला बोलली. जागेश्वर कोपऱ्यात सदरा झटकत बसला. किती झटकला तरी वाळू निघतच होती.

पुढले दिवस ती रोज थोडं थोडं जेवली. जेवताना एकदा तरी खाटेखाली हात सोडून बोटांनी फरशी वाजवून पाहायची. जुळं उमरेडहून यायच्या आधी, घटस्थापनेच्या दिवशी सकाळी, भागीरथाबाई वारली.