साखरेचा दुसरा दशांश

सुहास जाधव सरांच्या घरी अढीतले पहिले आंबे पिकले, आणि नेमका त्याच सकाळी त्यांच्या रक्ताचा रिपोर्ट मोबाइलवर येऊन पडला. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं. तीन महिन्यांची सरासरी साखर साडेसहाच्या खाली आली तर आमरस बेताने चालेल. साडेसहा किंवा त्याच्या वर गेली, तर औषध सुरू आणि आंबा बंद. आता केळशीच्या सासऱ्यांनी धाडलेला हापूस घरभर घमघमत असताना आंबा बंद म्हणजे काय थट्टा आहे? सरांनी एक डोळा मिटून रिपोर्ट उघडला.

"सहा पॉइंट चार सहा!" सर ओरडले. "गो रेणुका, वाचलो! वाढ! मोठी वाटी घे!"

रेणुकाबाईंचाही जीव भांड्यात पडला. त्यांनी काठोकाठ भरलेली वाटी आणली. समोर अक्षया पुरी खात बसली होती. अक्षया ही सरांची मुलगी, आणि दुर्दैवाने बारावीच्या वर्गात त्यांची विद्यार्थिनीही.

सर फिजिक्स शिकवत आणि सार्थ अंकांच्या बाबतीत ते अगदी कसाई होते. उत्तरात किती आकडे लिहायचे? दिलेल्या मापात जितके भरवशाचे असतील तितकेच, बस्स. कॅल्क्युलेटरने आठ आकडे ओकले म्हणून पोराने आठही उतरवले, की अर्धा गुण गेलाच. सुट्टीतल्या चाचणीत अक्षयाचा लोलकाच्या गणितात असाच अर्धा गुण गेला होता आणि तेवढ्यापायी पहिला नंबर ऋत्विकने पटकावला होता. पोरगी तेव्हापासून धुमसत होती.

"पप्पा," ती गोड आवाजात म्हणाली, "डॉक्टरांनी हद्द सांगितली साडेसहा. म्हणजे दोन सार्थ अंक. मग तुमचं उत्तरही दोन अंकांतच लिहायला हवं ना? सहा पॉइंट चार सहाचे दोन अंकांत किती?"

"साडेस..." सरांनी जीभ चावली.

"किती म्हणालात?" रेणुकाबाईंनी वाटी मागे ओढली.

"अगं, हे रक्त आहे, लोलक नव्हे! रक्ताचे सगळे आकडे धरायचे असतात!"

"असं होय?" अक्षया म्हणाली, आणि बापाचं हे वाक्य तिने जसंच्या तसं वर्गाच्या ग्रुपवर टाकलं.

पहिला फोन वर्गातल्या शिवाचा. "सर, तुमच्या साखरेला जास्तीचा आकडा चालतो, मग आमच्या लोलकानेच काय घोडं मारलंय?" त्याला कसाबसा गप्प केला तर दुसरा, मग तिसरा. एकीची आई म्हणाली, "सर, आमच्या दीपालीचा अर्धा गुण तेवढा बघा, आणि कारल्याचा रस घेत जा सकाळी." शेवटी प्राचार्य महिपतराव स्वतः फोनवर आले. "जाधव, अहो पोरं मला तुमची साखर विचारतायत! मी काय सांगू? काय तो एक नियम ठरवा आणि मिटवा!"

सरांनी वाटीकडे पाहिलं. रसावर बारीक फेस धरला होता. अख्ख्या नोकरीत न वाकलेला माणूस त्या फेसापुढे वाकला. 'यापुढे सगळे आकडे धरू. जादा आकड्यांसाठी कापलेला अर्धा गुण सर्वांना परत,' असं त्यांनी ग्रुपवर टाकलं. अक्षया पहिली आली, रेणुकाबाईंनी हसत वाटी पुढे सरकवली, आणि खरं तर गोष्ट इथंच गोडीगुलाबीत संपायची.

पण चमचा तोंडापाशी नेऊन सर थांबले. जातिवंत फिजिक्सवाला तो. "पण काय गो, ह्या लॅबच्या मशीनचा दुसरा दशांश तरी भरवशाचा असेल का?"

"कोणी विचारलंय तुम्हांला?" रेणुकाबाई कळवळल्या. "खा की गपचूप!"

"छे! सगळे आकडे धरायचे म्हटल्यावर मशीनही त्या तोडीचं हवं!" चमचा खाली ठेवून सर उठले, स्कूटरला किक मारली आणि साळवी स्टॉपच्या मोठ्या लॅबमध्ये जाऊन पुन्हा दंडात सुई टोचून घेऊन आले. तोवर त्यांची वाटी अक्षयाने चाटूनपुसून संपवली होती.

दुसऱ्या दिवशी जेवायच्या वेळेला रिपोर्ट आला. सहा पॉइंट पाच दोन.

स्वतः स्कूटर दामटत जाऊन, वर पैसे मोजून आणलेला आजार! सरांच्या डोळ्यांत पाणी यायचंच बाकी राहिलं होतं. "आता असं करू," ते चाचरत म्हणाले, "आपण पुन्हा दोन अंकांवर येऊ."

"साडेसहाच, पप्पा."

"मग एकाच अंकावर..."

"सात होतात."

आता मात्र बापाचं तोंड बघून अक्षयालाच कसंतरी झालं. तिने आईकडे पाहिलं. रेणुकाबाईंनी दवाखान्यात फोन लावला, बराच वेळ हं-हं केलं, आणि आत जाऊन एक आंबा चिरला. ताटलीत एकच फोड ठेवून ती सरांपुढे सरकवली.

"डॉक्टर म्हणाले, गोळी उद्यापासून. आंबा बंद, पण जेवणानंतर एक फोड चालेल. एक."

सरांचे डोळे लकाकले. हात हळूच उरलेल्या आंब्याकडे सरकला. "एक म्हणजे एकच सार्थ अंक. म्हणजे बघ, दीडच्या आतलं काहीही..."

"पप्पा," अक्षयाने तो हात वरचेवर धरला, "सार्थ अंक मापून काढलेल्या गोष्टींना. मोजून दिलेल्या वस्तूंना तो नियम लागत नाही. एक म्हणजे एकच."

सरांचा हात तिथल्या तिथे थबकला. लेकीचं उत्तर बिनचूक होतं. त्यात अर्धा गुण कापायलाही कुठे जागा नव्हती. अभिमानाने त्यांचा ऊर भरून आला, आणि ती एक फोड त्यांनी सालीपर्यंत कोरून कोरून खाल्ली.