भोपींचा कट्टा गप्प पडतो

हरिचंद्र भोपींच्या सोनिवलीच्या फ्लॅटमध्ये फ्रीजवर एक जुना कॉम्प्युटर दिवसरात्र घुरघुरत असे. तो त्यांचा सर्व्हर. त्यावर त्यांनी गप्पांचा स्वतःचा कट्टा उघडला होता. गावोगावच्या हौशी लोकांनी असेच आपापले कट्टे काढून एकमेकांना जोडले होते. मधे कंपनी नाही, मालक नाही. भोपींच्या कट्ट्यावर सदस्य एकच, स्वतः भोपी. पण जोडणीमुळे बाकीच्यांशी बोलता येई. आनंदनगरच्या कारखान्यातून रिटायर झाल्यापासून आणि बायको गेल्यापासून दिवसाकाठी तेवढंच काय ते बोलणं.

एका सकाळी त्यांनी मत ठोकून दिलं, "भाड्याच्या सर्व्हरवर कट्टा चालवणं म्हणजे दुसऱ्याच्या ओट्यावर बसून घरमालकाचा तोरा मिरवणं." मग लॉटरीच्या जाहिराती पाठवणारा एक कट्टा ब्लॉक करायला घेतला. तो सारखं नाव बदलून येई, म्हणून भोपींनी नावाच्या जागी नुसता तारा (*) टाकला. त्यांच्या मते ताऱ्याचा अर्थ 'असले सगळे'. कॉम्प्युटरच्या मते, 'सगळेच'.

त्यानंतर कोणीच काही बोललं नाही. अंबरनाथच्या वेणूताई भाड्याच्या सर्व्हरवरच कट्टा चालवत आणि वाद घातल्याशिवाय भोपींचं एकही मत सोडत नसत. त्याही गप्प.

"लागलं वाटतं बाईंना," भोपी फ्रीजला म्हणाले.

त्यांनी लिहिलं, "बोलण्याच्या भरात जास्त बोललो." शांतता. "माफी असावी." शांतता. शेवटी भाड्याच्या सर्व्हरच्या फायद्यांवर त्यांनी लांबलचक लेख लिहिला. तो त्यांना स्वतःलाही पटला नाही, पण त्यावरसुद्धा कोणी भांडेना. नाशिकहून मुलीचा, किर्तीचा फोन आला.

"बाबा, आवाज असा का येतोय?"

"कसा?"

"वापरात नसल्यासारखा."

फोन नंबर परक्याला द्यायचा नाही, हे भोपींचं आणखी एक मत. त्यामुळे वेणूताईंचा नंबर त्यांच्याकडे नव्हता. पण एकदा त्यांना जुनी हार्डडिस्क कुरियरने पाठवली होती, तो पत्ता होता. रविवारी पेढे घेऊन ते अंबरनाथला गेले. वेणूताईंच्या आईने, सगुणाबाईंनी दार उघडलं.

"मी हरिचंद्र भोपी. सोनिवलीहून आलोय."

सगुणाबाईंनी त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "तुमीच का ते मेलेले?"

"अं?"

"वेणू म्हनली, कवापासून तुमचा आवाज नाय. एकटा मानूस, घरात पडला असंल तर कोनला कलनार? पार्सलवरचा पत्ता घेऊन सकालीच गेली तुमच्याकडं."

त्यांनी लेकीला फोन लावला. "वेणू, अगो तो मेलेला हितं बसलाय. पेढं घेऊन आलाय."

पलीकडून आधी धाडकन काहीतरी कोसळलं, मग वेणूताई बोलल्या, "आई, दार आत्ताच तुटलं गं!"

भोपी पेढ्यांसकट रिक्षा करून घरी आले. दार पॅसेजमध्ये भिंतीला टेकवलेलं होतं. वरच्या मजल्यावरचा अल्पेश खांदा चोळत उभा होता. समोरच्या गंगूबाई, ज्यांच्याशी भोपींची ओळख कधी मान डोलावण्यापलीकडे गेली नव्हती, भोपींच्याच सोफ्यावर बसून डोळे पुसत होत्या.

"सॉरी हां काका," अल्पेश म्हणाला. "ताई बोलल्या, अंदर काहीतरी झालंय. आपण टेन्शनमध्ये धक्का दिला. करंट लागला असेल म्हणून मेन स्विच पण बंद केला."

एक बुटक्या, चष्मेवाल्या बाई पुढे आल्या. भोपींनी त्यांना आधी कधी पाहिलं नव्हतं, पण ओळख पटायला वेळ लागला नाही.

"दोन पानी उत्तर लिहून बसलेय, ते तुम्हाला पोचत नाही!" वेणूताई कडाडल्या. "म्हटलं, इतकं वाकडं बोलून हा माणूस गप्प बसणं शक्य नाही. म्हणजे मेलाच."

"मला वाटलं, तुम्ही रागावलात."

"रागावलेच आहे!"

मेन चालू झाला. वेणूताई स्टुलावर चढल्या आणि फ्रीजवरच्या कॉम्प्युटरमध्ये डोकं घालून ओरडल्या, "हा तारा कोणी टाकला? अहो, तुम्ही आख्खं जग ब्लॉक केलंत! येणंही बंद, जाणंही बंद!"

तारा पुसला गेला. मग स्टुलावरूनच त्यांनी दोन पानी उत्तर तोंडी ऐकवलं. भोपींनी प्रत्युत्तर दिलं. सर्व्हर म्हणजे काय हे ठाऊक नसताना गंगूबाई भाड्याच्या बाजूने उतरल्या, कारण त्या भाड्याने राहत होत्या. भांडता भांडता पेढे संपले, गंगूबाईंकडून पोहे आले, तेही संपले.

संध्याकाळी वेणूताई गेल्या. दार नसल्यामुळे गंगूबाई वालाची भाजी घेऊन थेट स्वयंपाकघरात आल्या. येताजाता अल्पेश डोकावून "काका, ओके ना?" विचारत होता. अंधार पडताना सुतार येऊन चौकटीचं माप घेऊन गेला.

"उद्या सकाळीच बसवतो, काका. उघड्या घरात झोप लागायची नाही तुम्हाला."

"घाई नको," भोपी म्हणाले. "लाकूड नीट वाळू दे."

"काका, दार प्लायवूडचं आहे."

"तरी वाळू दे."