हातभर लांब पत्ता

मावशीच्या फोनवर निरोप आला. तिचा फोटोंचा संग्रह आज कायमचा बंद होणार, चालू ठेवायचा असेल तर खालच्या लिंकवर जाऊन पासवर्ड द्यावा. काका जाऊन चार वर्षं झाली होती आणि त्यांचे सगळे फोटो त्या एकाच साइटवर होते.

नशिबाने भाचा घरातच होता. भाचा म्हणजे काही साधासुधा माणूस नव्हे. ऑनलाइन फसवणूक कशी ओळखावी, यावर तो ऑफिसात व्याख्यानं देत असे. त्याने पत्त्याचं एकेक अक्षर बोट ठेवून वाचलं, सगळं बरोबर आहे म्हणाला, लिंक दाबली आणि पासवर्डही देऊन मोकळा झाला. तो त्यानेच तर मावशीला ठरवून दिला होता.

मावशीला मात्र चैन पडेना. तिने तीस वर्षं टायपिस्टची नोकरी केली होती, आणि दुसऱ्याने टाइप केलेलं काहीही तसंच पुढे पाठवायचं नाही, ही तिची खोड होती. ती कॉम्प्युटरपाशी बसली आणि तोच पत्ता तिने स्वतः टाइप केला. संग्रह उघडला. काका मजेत हसत होते. बंद होण्याबद्दल तिथे चकार शब्द नव्हता.

"अरे, पत्ता एक आणि पानं दोन कशी?"

भाच्याने फोन पडद्याला लावून धरला. मावशीने भिंग आणलं. दोघांनी बघून बघून डोळे दुखवून घेतले, फरक काही सापडेना. मग भाच्याला स्वतःचंच व्याख्यान आठवलं आणि त्याचा चेहरा पडला.

"मावशी, यातलं एक अक्षर दुसऱ्याच लिपीतलं असणार. आपल्याला सारखंच दिसतं, पण मशीनला ते वेगळं कळतं."

"मशीनला कळतं ना? मग तू पासवर्ड कुणाला दिलास?"

मावशीने खऱ्या साइटवर खडखडा टाइप करत पासवर्ड बदलला. चोर पोचायच्या आत काम झालं, काका वाचले.

सोमवारी भाच्याने ही हकिकत व्याख्यानात घातली. एका म्हाताऱ्या बाईंनी अशीच लिंक दाबली होती, वेळेवर भाचा धावून आला म्हणून निभावलं, असं त्याने सांगितलं. टाळ्या पडल्या. रेकॉर्डिंगची लिंक त्याने घरच्या ग्रुपवर बिनधास्त टाकली. मावशी लिंक दाबत नाही, याची त्याला पक्की खात्री होती.

दोन दिवसांनी तिचा फोन आला.

"लिंक नाही हं दाबली मी. चांगला हातभर लांब पत्ता होता, अख्खा टाइप केला. छान बोललास. फक्त एवढं सांग, त्या म्हाताऱ्या बाई कोण रे?"