बिनटाक्याचा घेर

माणिकरावांचा सदरा फाटला की ते मैदा शिजवायला ठेवत.

त्यांच्या घरात सुई नव्हती. मलकपेठेत त्यांच्या आणि माझ्या खोल्यांमध्ये एकच भिंत. अलीकडे माझा शिवणवर्ग, दोन मशिनी आणि दहा-बारा मुली. पलीकडे हा माणूस. मी आपण होऊन म्हटलं होतं, "माणिकराव, कोपर फाटलंय, द्या इकडे, दोन मिनिटांचं काम." त्यांनी कोपर पोटाशी धरलं, जसं काही मी इंजेक्शन देणार होते.

"छेद नक्को!"

हे त्यांचं पालुपद. पुढे सविस्तर सांगायचे. "मास्तरीणबाई, फाटलेल्या कापडाला एक भोक असतं. तुम्ही त्याला आणखी चाळीस भोकं पाडता आणि दुरुस्त झालं म्हणता. कापडानं तुमचं काय बिघडवलंय?"

मग ठिगळाला खळ लावून ते कोपरावर बसवायचे, वर पितळी तांब्या ठेवायचे आणि वाळेपर्यंत बनियनवर बसायचे. कोरड्या दिवसांत ठिगळ टिकायचं. पावसाळ्यात त्याचा भरवसा नसे. एकदा गल्लीतल्या शोकसभेला ते भिजून आले होते. सभा संपली, माणिकराव उठले आणि मागचं ठिगळ खुर्चीवरच बसून राहिलं. त्यांनी ते शांतपणे उचललं, खिशात घातलं आणि पाठ भिंतीला लावून सरकत सरकत बाहेर पडले.

त्यांचा धंदाच चिकटवण्याचा होता. नकाशांच्या कचेरीत कागदी नकाशे कापडावर चढवायचं काम ते सत्तावीस वर्षं करत होते. परभणीकडच्या शेतकरी घरातला माणूस, पोरवयात हैदराबादेत आला तो इथलाच झाला. लग्न केलं नाही. गावी आता कुणी नव्हतं. त्यांची खळ प्रसिद्ध होती. मैदा मंद आचेवर ढवळायचा, गाठ होऊ द्यायची नाही, शेवटी चिमूटभर मोरचूद. मोरचूद विषारी, त्यामुळे खळ निळसर दिसते आणि उंदीर-झुरळं नकाशाला तोंड लावत नाहीत. "मोरचुदाशिवाय खळ म्हणजे उंदरांना जेवण," असं ते सांगत.

अंगणापलीकडे मरियम्मा राहायची. इस्पितळात नर्स, विधवा, तेलुगू, पण आमच्याशी बोलायची ते हैदराबादी हिंदीत. तिची मांजर राणी. राणीचा आणि माणिकरावांचा उभा दावा होता. मोरचूद पडायच्या आत ती खळीच्या पातेल्यात तोंड घालायची, त्यांच्या कोपरालाही जीभ लावायला बघायची. ते ओरडायचे, "मरियम्मा, ह्या बाईला आवरा!" आणि दर नाताळात मरियम्मा साच्यात तळलेल्या गोड फुलांची थाळी त्यांच्या दारात ठेवायची. ती फुलं ते महिनाभर पुरवून खायचे.

तर ते राज्यांच्या वाटणीचं वर्ष. हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुली बापांच्या बदल्यांमागे निघून गेल्या. माणिकरावांच्या कचेरीत तर नकाशांचीच वाटणी. एक गठ्ठा मुंबई राज्याला, एक म्हैसूरला, उरलेला इथे. मराठी माणसंही गठ्ठ्याबरोबर. माणिकरावांना हुकूम आला: औरंगाबादला हजर व्हा. तारीख नाताळच्या चार दिवस आधीची.

सगळे म्हणाले, "नशीबवान आहात, आपल्या राज्यात चाललात."

माणिकराव म्हणाले, "माझे नकाशे तीन ठिकाणी चाललेत. मी एकच आहे."

त्याच सुमारास मरियम्माला एक सुचलं होतं. दरवर्षी ती सुरूची फांदी आणून घासलेटच्या डब्यात वाळू भरून उभी करायची. फांदी सुंदर दिसायची, डबा भिकार. इस्पितळातल्या मोठ्या बाईंच्या बंगल्यात तिनं झाडाच्या बुंध्याभोवती झालरीचा गोल घेर पाहिला होता, पांढरा, चुण्याचुण्यांचा. "सफेद होना जी, बरफ के सरीखा," ती मला म्हणाली. "तुम सी देते क्या?"

मी हो म्हणणार तोच भिंतीपलीकडून आवाज आला. "छेद नक्को! मी करतो!"

मरियम्मा हसली. मी नाही हसले. झालर हे माझं काम. पण माणिकराव बाहेर आले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "सत्तावीस वर्षं तुमची गोड फुलं खाल्ली. जाण्याआधी एवढं मला करू द्या." मग मी मापाची पट्टी गुंडाळून ठेवली.

त्यांनी अफझलगंजातून कोरी मलमल आणली. जुन्या धोतराचा चौकोन चौपदरी दुमडला, टोकाशी दोरी धरून पेन्सिलीनं कमान काढली, कापली, उलगडली. चक्क गोल. मधे बुंध्यापुरतं भोक, आणि घेर झाडाभोवती गुंडाळता यावा म्हणून भोकापासून कडेपर्यंत एक चीर. मग मलमलीच्या पट्ट्या. खळीची एक रेघ ओढायची, तिच्यावर पट्टीची वरची कड बोटाबोटानं चुणी घालत दाबायची. सुरुवात बाहेरच्या कडेकडून, म्हणजे आतल्या प्रत्येक ओळीची झालर बाहेरच्या ओळीची चिकट कड झाकते. मला मान्य करावं लागलं की माणसाला काम कळतं. मी तसं बोलले नाही.

दहा दिवसांत घेर झाला. वाळायला त्यांच्या खोलीत पसरला. सकाळी पाहतो तर अर्धा घेर गायब. उरलेल्या अर्ध्यावर राणी झोपलेली, खळ चाटून तृप्त. तिच्या समोरून उंदीर येऊन जेवून गेले होते.

माणिकराव गुडघ्यांवर बसले आणि कुरतडलेली कड तपासली. "उत्तरेकडून आलेत," म्हणाले.

"मोरचूद घातला नव्हता?" मी विचारलं.

"विसरलो."

सत्तावीस वर्षांत न विसरलेली गोष्ट. मी त्यांच्याकडे पाहिलं, ते छताकडे.

गाडीला तीन दिवस होते. त्यांनी कचेरीत अर्ज टाकला: नाताळपर्यंत थांबू द्यावे. कारण, एका झाडाचा घेर अपूर्ण आहे. अर्ज शेरा मारून परत आला: झाड कोणत्या गावच्या हद्दीत? त्यांनी खाली प्रामाणिकपणे लिहिलं: मलकपेठ, घासलेटच्या डब्यात. मग परवानगी मिळायचा प्रश्नच नव्हता.

"माणिकराव," मी म्हटलं, "हट्ट सोडा. मशीनवर मी हे एका दुपारी करते. मरियम्माला घेर हवाय, टाके मोजायला ती बसणार नाही."

ते माझ्या मशीनकडे बघत दारात उभे राहिले. वर्गातल्या दोन मुली काज करत होत्या, ती दोन्ही काजं होईपर्यंत उभे राहिले. मग म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. पण नक्को." आणि घरात जाऊन पलंगाखालची ट्रंक ओढली.

ट्रंकेत पांढऱ्या कापडाच्या गुंडाळ्या होत्या, शेकडो. नकाशा चढवून झाला की चारी बाजूंचं जास्तीचं कापड कापावं लागतं. त्या कडा. कचेरी फेकून देई, हे घरी आणत. दोन-तीन बोटं रुंद, झालरीला अगदी हव्या तशा.

धोतराचा नवा गोल त्यांनी त्याच रात्री कापला. मी दोन दिवस वर्ग बंद ठेवला आणि मांडी घालून त्यांच्यासमोर बसले. गुंडाळ्या मी द्यायच्या, चुण्या त्यांनी घालायच्या. चुणी बसली की मी बोट ठेवून धरायची. खळ पांढरीशुभ्र होती.

"परत विसरलात?"

"ती चाटते," ते म्हणाले. मी राणीकडे पाहिल्यावर घाईनं पुढे म्हणाले, "चाटून मेली तर घेराला डाग पडतील."

"आणि उंदीर?"

"आळीपाळीनं पहारा करू."

केला. तांब्या आपटायला माणिकराव, काठी घेऊन मी.

एका गोष्टीनं मात्र माझं डोकं फिरलं. हाताला येईल ती गुंडाळी ते घेत नसत. उलगडून आतलं टोक बघायचे आणि "ही नाही, हिची जागा ही नाही" म्हणून परत द्यायचे. सगळ्या पांढऱ्या, सगळ्या सारख्या! "अहो, बरफाला कसली जागा?" मी शेवटी ओरडले.

"असते," ते म्हणाले, आणि ट्रंकेत डोकं घातलं.

भोकाभोवतीची शेवटची आखूड पट्टी बसली तेव्हा टांगा दाराशी आला होता. घेर ओला होता. तो झाडाभोवती बघायला त्यांना मिळणार नव्हतं. मरियम्मानं फुलं या वर्षी आधीच तळली होती, डबा त्यांच्या हातात दिला. त्यांनी कुणाला नमस्कार केला नाही. मला म्हणाले, "पूर्ण वाळल्याशिवाय उचलू नका. पाणी लागू देऊ नका. इस्त्री कोमट." टांगा काचीगुडा स्टेशनाकडे वळला तरी त्यांचं तोंड घेराकडेच होतं.

घेर उठून दिसला, हे सांगायला हवं. मरियम्माच्या इस्पितळातल्या बायका बघायला आल्या. राणी त्यावर झोपली.

औरंगाबादहून त्यांची कार्डं यायची. स्वतःबद्दल एक अक्षर नाही. "इथले पाणी जड, खळ जमत नाही." "इथे चुणीला बोट धरणारे कोणी नाही." आणि एका कार्डावर फक्त, "राणी घेरावर झोपते का? झोपत असल्यास उठवू नये."

तिसऱ्या वर्षी पावसाळ्यात मरियम्माच्या पेटीत ओल शिरली. डिसेंबरात ती घेर घेऊन आली. काही झालरी सुटल्या होत्या.

"मास्तरीण, अब तो मशीन मार देव."

मी एक पट्टी उलटी करून सरळ केली. टोकाला माणिकरावांच्या बारीक उभ्या अक्षरात, ती कड ज्या नकाशाची त्याचं नाव काळ्या शाईनं लिहिलेलं होतं: नांदेड. तिच्या शेजारून सुटलेली: निजामाबाद. त्याच्या अलीकडे: बीदर. आता ती तीन गावं तीन राज्यांत गेली होती. इथे चुणीला चुणी लागून होती, नकाशावर होती तशीच. मी आणखी एक सैल कड उचलून पाहिली, मग आणखी एक. एकही चुकीच्या जागी नव्हती.

भोकाभोवतीची, बुंध्याला टेकणारी आखूड पट्टी शहराच्या नकाशाची निघाली. तिच्यावर लिहिलं होतं: मलकपेठ.

"क्या लिखा है?" मरियम्मानं विचारलं. मी वाचून दाखवलं. पट्टी हातात घेऊन तिनं ती चार वेळा गुळगुळीत केली.

दोरा ओवलेली सुई माझ्या पदराला टोचलेली होती. मशीनही मोकळं होतं. मी शेगडी पेटवली आणि मैदा शिजवायला ठेवला. राणी दारात येऊन बसली.

मोरचूद मी घातला नाही.