आप्पांची मोडतोड

दुष्काळात लोक देव पाण्यात ठेवतात. आमच्या वस्तीवर तेवढंही पाणी नव्हतं. म्हणून की काय, मन्मथआप्पा पूजा उरकून, कपाळाला भस्म लावून ओट्यावर बसत आणि दगडाने विळे ठेचत.

चाकूरजवळची ही छोटी वस्ती. माझी एकशिक्षकी शाळा आप्पांच्या दारासमोर. लातूर जिल्हा नुकताच वेगळा झालेला. नवं ऑफिस, नवे साहेब, काहीतरी करून दाखवायची घाई. पाणी देणं जमेना, तेव्हा त्यांनी कमी पटाच्या शाळा बंद करायला घेतल्या. इकडे निम्मी वस्ती पोराबाळांसकट कामासाठी बाहेरगावी गेलेली. शनिवारी साहेब पोरं मोजायला येणार आणि मोजण्यासारखी पोरंच उरली नव्हती.

अशात सोपान घिसाड्याचं बिऱ्हाड येऊन उतरलं. आप्पांनी त्याच्या भात्याआधी त्याची चार पोरं पाहिली.

"गुर्जी, घाला नावं!"

"आप्पा, पेरणी नाही. औजारं दुरुस्तीला कोण आणणार? दोन दिवसांत जाईल तो."

"काम म्या देतो की."

तेव्हापासून मोडतोड सुरू झाली. आधी स्वतःची खुरपी, मग कुऱ्हाड, मग शेजाऱ्यांचं जे हाताला लागेल ते. कुणी भांडायला आलं की म्हणायचे, "मोडलं तं नीट होतंय की! शाळा गेली तं होती का नीट?" आप्पा दिसले की बाया उलथणी पदराखाली लपवत. एकदा तर शाळेच्या घंटेकडेच टक लावून बघत होते. मी ओरडलो, "आप्पा, शाळा वाचवायचीय आपल्याला!" तेव्हा कुठे दगड खाली ठेवला.

एकच वस्तू त्यांनी सोडली होती. त्यांच्या वारलेल्या बायकोची, आमच्या काकूंची विळी. तेल लावून कोनाड्यात ठेवलेली. माझ्या बायकोने एकदा कांदा चिरायला मागितली, तर म्हणाले, "कांदा बुक्कीनं फोडून खावा." बाईमाणसाला असं कुणी बोलतं का? पण आप्पा बोलले.

शुक्रवारी सोपान गाडी भरू लागला. "आप्पा, आता वस्तीत मोडायलाबी काय राहिलं न्हाई."

आप्पा घरात गेले आणि विळी घेऊन आले. सोपानने ती उलटसुलट करून पाहिली.

"ह्याला तं काहीच झालं न्हाई."

आप्पांनी विळी परत घेतली, दगड उचलला आणि तसेच उभे राहिले. ठेवतील खाली, असं मला वाटलं. मग त्यांनी घाव घातला. पातं दुमडलं.

"आता झालं," आप्पा म्हणाले. "सावकाश नीट कर. घाई न्हाई."

सोपानने एकदा विळीकडे पाहिलं, एकदा शाळेकडे, आणि बैल सोडून भाता पुन्हा खाली उतरवला.

शनिवारी साहेब आले, पोरं मोजली आणि शाळा राहिली. सोपानची पोरं सगळ्यांत मोठ्याने पाढे म्हणत होती. ओट्यावर आप्पा दुरुस्त झालेली विळी मांडीवर घेऊन ऐकत बसले होते.

मी जवळ जाऊन विचारलं, "हात कसा उठला हो आप्पा?"

"पाढे बंद झाले की घर खायला उठतंय, गुर्जी," विळीवरून बोट फिरवत ते म्हणाले. "तिलाबी करमायचं न्हाई."